बदाम दाबलेली गाणी

“ह्यो बदाम कशाला?” आत्तींनी विचारलं.

“खूण करायला.”

“गाण्याला खूण?”

“हो. गाणं लागलं की मनूकडं बघायचं आणि हा बदाम दाबायचा. दाबला की लाल होतो. संध्याकाळी घरी आले की मी लाल झालेली गाणी बघते आणि तिची प्लेलिस्ट नीट लावते.”

“खूण करायची, एवढंच न्हवं? मग तसं सांग की. खुणा करण्यात तर माझी हयात गेली.”

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या जयसिंगपूरकडं सासूला आत्ती म्हणतात. मागच्या खोलीत त्यांचं पिको-फॉलचं मशीन होतं आणि गावातल्या निम्म्या साड्यांचे काठ त्यांच्या हाताखालून गेलेले होते. लग्नसराई तोंडावर होती. खोलीत साड्यांचे गठ्ठे लागले होते, आणि दुपारी मनूच्या झोपेच्या वेळात मशीन चालवायचं नाही, असा नियम मी घातला होता. त्या नियमाबद्दल आत्ती मला काही बोलल्या नव्हत्या. फक्त गठ्ठे मला दिसतील असे दारातच रचून ठेवत होत्या.

मनू नऊ महिन्यांची होती. मी तिला सोडून दूध संघाच्या प्रयोगशाळेत परत जाणार होते. साहेबांनी दोनदा रजा वाढवून माझी जागा राखली होती, आता त्यांनीही हात टेकले होते. आठवडाभर येऊन बघ, म्हणाले. जमलं तर कायम, नाहीतर राजीनामा दे, म्हणजे मला दुसरं कुणीतरी घेता येईल. मनू दुपारी झोपली नाही की संध्याकाळी दूध पीत नसे. दूध प्याली नाही की अंग कढत लागे, आणि मग मी थर्मामीटर घेऊन बसे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारपर्यंत ती माझ्याशिवाय दुपारची झोपायला लागली तर नोकरी, नाहीतर नाही. राजीनाम्याचा मजकूर फोनमध्ये लिहून तयार होता.

आणि म्हणून ती गाणी. घरात गाण्यांचं एकच खातं होतं, माझ्या, अभिनंदनच्या आणि आत्तींच्या फोनवर मिळून. त्यात मी बाळंतपणापासून जे काही रचून ठेवलं होतं, ते बघून अभिनंदन म्हणायचा, “तेजू, एवढ्या फायली तर तहसीलदाराकडं नसतील.” ‘मनू झोप’, ‘मनू झोप, पाऊस असताना’, ‘मनू जेवण’, ‘मनू रडं’, ‘मनू प्रवास, सांगलीपर्यंत’, ‘मनू प्रवास, पुढं’. त्याची व्यायामाची गाणी मी उचलून एका कोपऱ्यात टाकली होती आणि त्याला नाव दिलं होतं ‘बाबा, हेडफोन लावून’.

पण ही सगळी गाणी माझ्या मांडीवर पारखलेली होती. आत्तींच्या मांडीवर काय चालेल ते मला माहीत नव्हतं. म्हणून बदाम.

सोमवारी मी गेले. जाताना मनूचे इतके पापे घेतले की शेवटी तिनंच तोंड फिरवलं. संध्याकाळी घरी आले तर मनू किरकिरत होती, डोळे लाल. आत्तींच्या तोंडावर मात्र काम फत्ते केल्याचा भाव.

“झोपली का?”

“झोपली की थोडी. तुझी लिष्ट संपल्यावर ते यंत्र आपलं आपणच कायकाय लावालंय. पण मी खुणा केल्यात सगळ्या. एक सोडली न्हाई.”

मी फोन उघडला. लाल बदामांची रांगच लागली होती. लग्नाचा ब्रास बँड. रणशिंग आणि नगारे. एका घोगऱ्या आवाजाच्या बाईचं विरहगीत. कुठल्या तरी मसाल्याची जाहिरात, तिलाही बदाम. आणि माझ्या बासरीला, पाण्याच्या खळखळाटाला, अंगाईंना एकही नाही.

मी ती यादी दोनदा वाचली. मन मान्य करत नव्हतं. पण प्रयोगशाळेत आमच्या कल्पनाताईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की नमुना आला तसा तपासायचा, नमुन्याशी भांडायचं नाही. आणि लेकरांचं काही सांगता येत नाही, असं इंटरनेटवरही लिहिलेलं होतं. मी निमूटपणे नवी प्लेलिस्ट केली, ‘मनू झोप, आत्तींकडं’, आणि तिच्यात पहिला नंबर ब्रास बँडला दिला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा आत्तींना सांगितली नव्हती. खातं एकच असल्यामुळं बेडरूमच्या स्पीकरवर काय वाजतंय ते मला प्रयोगशाळेत बसून फोनवर दिसायचं. नुसतं दिसायचं नाही, बदलताही यायचं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी मी बघितलं. बेडरूम, स्पीकर, बँड सुरू. मला बरं वाटलं. इतक्यात तो बंद झाला. मी म्हटलं, चुकून हात लागला असेल. परत सुरू केला. तो परत बंद झाला. मी परत सुरू केला. मग आवाजाची पट्टी एकदम तळाला गेली, ती मी मध्यावर आणून ठेवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी फोन वाजला.

“तेजश्री, आगं, ह्या यंत्रात काय शिरलंय का बघ. मी बंद करतीय आणि ते उठतंय. बंद करतीय आणि उठतंय. मी त्यावर उशी दाबून ठेवलीय, तरी उशीखालनं वाजालंय.”

मागं मनूचा टाहो ऐकू येत होता.

“नेटचं काहीतरी असेल, आत्ती,” मी म्हणाले.

“नेटचं असंल तर नेटला सांग, मनू रडालीय.”

मी चोरासारखा बँड बंद केला. समोर कल्पनाताई दुधाच्या बाटल्या मांडून उभ्या होत्या. “फोनचं फॅट काढून झालं असलं तर ह्यांचंही बघ जरा,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी उलगडा झाला. मी आत्तींपुढं फोन धरला आणि शक्य तितक्या नरम आवाजात विचारलं, “आत्ती, ह्या बँडला तुम्ही बदाम का दाबला?”

“का म्हणजे? तो लागला आणि हिनं भोकाड पसरलं. मग खूण करायला नको?”

“आणि हे नगारे?”

“त्यालाबी रडली.”

“आणि बासरी?”

“बासरीला झोपली की छान. तिथं कशाला खूण?”

आत्ती मला समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, “हे बघ. माझ्याकडं साडी येतीय. मी ती आधी पसरून बघती. जिथं डाग हाय, कुठं धागा तुटलाय, तिथं लाल दोऱ्याचा एक टाका घालती. मग गिऱ्हाइकाला दाखवती, बाई, हे आधीचं हाय, माझं न्हवं. साडी चांगली असंल तिथं कोण टाका घालतंय? मग तर साडीभर टाकंच होतील.”

अभिनंदन जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि ठसका ओसरल्यावर त्यानं करू नये ते केलं.

“पण आई, बँड परत परत सुरू होत होता, ते यंत्र न्हवतं काय. तेजूच होती ती. तिला तिथनं दिसतंय सगळं.”

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. आत्तींचा घास हातातच थांबला.

“सगळं?”

“काय वाजतंय ते,” मी घाईनं म्हणाले.

“आम्ही दिसतोय?”

“छे, छे. फक्त गाणं कुठलं चालू आहे तेवढं.”

“फक्त गाणं.”

“हो.”

“अस्सं,” आत्ती म्हणाल्या, आणि घास तोंडात घातला. मला वाटलं, रागावल्या. मी मुकाट्यानं बदाम उलटे केले. लाल होते ते पुसले, बासरीला, पाण्याला, अंगाईंना दाबले.

बुधवारी जादू झाली. दुपार झाली आणि माझ्या फोनवर ‘मनू झोप’ सुरू झालं. पहिलं गाणं पहिलं, दुसरं दुसरं. आवाज मी सांगितला होता तेवढाच. एकही गाणं मधे तुटलं नाही. मी फोन केला तर आत्ती कुजबुजत म्हणाल्या, “झोपलीय.” आणि ठेवून दिला. संध्याकाळी मनू टवटवीत होती. वाटीभर दूध प्याली आणि वर माझं नाक ओढलं.

गुरुवारीही तसंच. मी प्रयोगशाळेत पहिल्यांदा डबा गरम करून खाल्ला. राजीनाम्याचा मजकूर उघडला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि बंद केला. पुसायचं धाडस झालं नाही.

पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. सुख लागलं की मी ते उजेडात धरून बघते, कुठं दोरा तुटलाय का म्हणून. शुक्रवारी दुपारी लिस्ट सुरू झाली आणि मी फोनकडं बघत बसले. पहिलं गाणं. दुसरं. तिसरं. आणि मला ते खटकलं. माझ्या मांडीवर झोपताना मनूनं आजवर एकही लिस्ट अशी सरळ जाऊ दिली नव्हती. तिसऱ्याला हमखास तिचा पाय हलायचा आणि मला मागं जाऊन दुसरं परत लावायला लागायचं. आत्तींना मागं जाणं येत होतं, मीच शिकवलं होतं. मग तीन दिवसांत एकदाही लागलं नाही?

“कल्पनाताई,” मी विचारलं, “घरात माणूस आहे की नाही, हे कसं तपासतात?”

“दार वाजवतात,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी दार वाजवलं. म्हणजे ब्रास बँड लावला.

विचार सोपा होता. बँड लागला की आत्ती पळत येतील, बंद करतील आणि मला फोन करून फैलावर घेतील. मी माफी मागेन. पण कुणीतरी कान देऊन बसलंय, एवढं कळेल.

बँड वाजत राहिला. कुणी बंद केला नाही.

मी आवाज वाढवला. बँड वाजत राहिला.

आत्तींना फोन केला. नुसती रिंग. परत केला. नुसती रिंग. अभिनंदनला केला, तो इचलकरंजीला कामावर होता. “बेडरूममध्ये बँड वाजतोय आणि आत्ती फोन उचलत नाहीत,” मी म्हणाले.

“बँड कुणी लावला?”

“मी.”

“का?”

“ते नंतर सांगते,” मी म्हणाले. डोळ्यांपुढं एकेक चित्र येत होतं आणि प्रत्येकात टाचण्या होत्या. मशीनच्या खोलीतल्या टाचण्या. जमिनीवर पडलेल्या, मनूच्या मुठीत गेलेल्या. कल्पनाताईंनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. “जा,” म्हणाल्या. “दूध कुठं पळून जात नाही.”

स्कुटी कशी चालवली ते आठवत नाही. गल्लीत शिरले तेव्हाच बँड ऐकू आला. समोरच्या राजक्का कंपाउंडपाशी उभ्या होत्या. “तुम्हा मगदुमांच्यात कार्य काढलंय व्हय गं?” त्या म्हणाल्या. “आम्हाला पत्रिका न्हाई मिळाली.”

मी आत धावले. बेडरूमचं दार बंद होतं. उघडलं. पलंगावर चादर ताठ अंथरलेली, पाळणा रिकामा. स्पीकर मधोमध स्टुलावर, देवासारखा, आणि समोर आत्तींचा फोन. खोलीत दुसरं कुणी नाही. बँड त्या रिकाम्या खोलीला नवरदेव समजून वाजत होता. मी तो बंद केला.

गप्प झालेल्या घरात मग दुसरा आवाज वर आला. मागच्या खोलीतून. घर्रर्र, घर्रर्र, एका लयीत.

दार लोटून बघितलं. आत्ती मशीनवर बसल्या होत्या. शेजारी छताच्या हुकाला जुन्या नऊवारीची झोळी टांगली होती आणि तिच्यातून मनूचा एक पाय बाहेर आला होता. मनू गाढ झोपली होती, तोंड उघडं, कपाळावर घाम. शिवून झालेल्या साड्यांचा गठ्ठा भिंतीला लावलेला. टाचण्यांचा डबा वर, माझाही हात पोचणार नाही अशा फळीवर. आणि आत्तींच्या हाताखाली साडी नव्हती. पोछ्याचं एक फडकं होतं. त्याच्या चारी बाजूंना पिको करून झाला होता आणि त्या त्यावरून परत पिको करत होत्या.

मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं, पाय मात्र थांबवला नाही.

“ह्ये चालू असलं की हिला बँडबी ऐकू येत न्हाई, थांबलं की उठतीय,” त्या म्हणाल्या. “परवा तुझा फोन घ्यायला उठले तर चाळवली. म्हणून बँड बंद करायला आले न्हाई. कळलं होतं तूच असणार. म्हटलं, वाजू दे. येईल पळत.”

मी खाली जमिनीवर बसले.

“बुधवारपासनं?” मी विचारलं.

“मंगळवारपासनं. तू बँड लावलास आणि ही रडायची थांबंना. मी म्हटलं, असंही रडतीयच, तर पाटलांच्या लेकीची साडी तरी संपवूया. मशीन लावलं आणि दोन काठांत झोपली.”

“मग रोज ती लिस्ट? रिकाम्या खोलीत?”

आत्तींनी फडकं फिरवलं आणि चौथ्यांदा त्याच कडेला घातलं.

“तू म्हणालीस न्हवं, तुला गाणं दिसतंय. गाणं न्हाई दिसलं तर तू तिथं काय करशील? हिला काय लागतंय, हिला झोळी आणि आवाज. गाणी तुला लागतात. म्हणून तुला लावून देत होते आणि हिला इकडं झोपवत होते. दोघी गुमान झोपत होता. आज तुलाच मधी जाग आली, त्याला मी काय करू?”

हसावं की भांडावं ते कळेना. मी भांडायचं ठरवलं. “नियम होता आत्ती, दुपारी मशीन नाही.”

“व्हय. आणि तू राजीनामा देऊन घरात बसलीस की तो नियम कायमचा. मग मी काय, ह्या साड्या गिऱ्हाइकाला तशाच परत देऊ?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “तू कामाला गेलेली मला पाहिजेस, बाई. लई पाहिजेस.”

झोळीतला पाय हलला. आत्तींचा पाय दाबत राहिला, मशीन घरघरत राहिलं, मनूनं सुस्कारा सोडला आणि परत झोपली. मी हात लांबवून फडक्याचं टोक धरलं, म्हणजे त्यांना फिरवायला सोपं जावं.

सोमवारी मी कायमची हजर झाले.

मनू आता पहिलीत आहे आणि त्याच खात्यात स्वतःच्या प्लेलिस्ट करते. त्यातल्या एकीचं नाव ‘आई, हेडफोन लावून’ आहे. पण मला आठवतं ते त्या वेळचंच. रोज दुपारी माझ्या फोनवर ‘मनू झोप’ सुरू व्हायचं. मला माहीत होतं की तिथं पलंग आणि स्टूल यांच्याशिवाय ऐकणारं कुणी नाही. आत्तींना माहीत होतं की मला माहीत आहे.

एक दिवस मात्र दुपार उलटून गेली तरी काही सुरू झालं नाही. मी थोडा वेळ थांबले. कल्पनाताईंनी विचारलं, डबा का उघडत नाहीस. मी बाहेर जाऊन फोन लावला. मागं मशीनची घरघर ऐकू येत होती.

“आत्ती, आज गाणं नाही लावलं?”

“आगं, ती कवाच झोपली.”

“ते कळलं,” मी म्हणाले. “गाणं लावा की.”

पलीकडं क्षणभर नुसती घरघर.

“इसरले बघ,” आत्ती म्हणाल्या. “तुला झोपवायचंच राहिलं. थांब, हे काठ संपलं की लावती.”

मी आत येऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग फोनवर अक्षरं आली. बेडरूम, स्पीकर, पहिली अंगाई. मी डब्याचं झाकण काढलं.